दोन फरश्यांचं अंतर

महाभारताच्या शेवटी एक कुत्रा आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. स्वर्गाच्या दारात युधिष्ठिर त्याच्यासाठी अडून बसला, इंद्राचा रथ त्यानं खोळंबून ठेवला, आणि मग तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष धर्मच निघाला. कीर्तनात हा प्रसंग हमखास रंगतो. पण महाभारताच्या सुरुवातीलाही एक कुत्रं आहे, त्याची आठवण फारसं कुणी काढत नाही. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचं सत्र चाललेलं असतं. देवांची कुत्री सरमा, तिचं पिल्लू हुंदडत तिथे येतं आणि राजाचे तिघे भाऊ त्याला बडवून काढतात. ते केकाटत आईकडे जातं. तू काहीतरी केलं असशील, आई म्हणते. मी काही केलं नाही, हवीला तोंड लावलं नाही, तिकडे पाहिलंसुद्धा नाही, पिल्लू सांगतं. मग सरमा सरळ यज्ञाच्या जागी जाते आणि विचारते, माझ्या लेकराचा गुन्हा काय? त्यांच्यापाशी उत्तर नसतं. तेव्हा ती त्यांना शाप देते, की काही केलेलं नसताना तुम्ही याला मारलंत, आता न दिसणारं भय तुमच्यावर येईल.

पुढे राजा घाबरून चांगला पुरोहित शोधायला निघतो आणि गोष्ट राजाच्या मागे जाते. पिल्लू मागेच राहतं. त्याचं काय झालं, ते व्यास सांगत नाहीत. मला आपलं वाटतं, न दिसणारं भय राजाला लागायचं तेव्हा लागलं असेल, पिल्लाला ते त्याच दुपारी लागलं. नंतर त्यानं उचललेला हात पाहिला असेल, धूर पाहिला असेल, ओळीनं बसलेली चार माणसं पाहिली असतील, आणि प्रत्येक वेळी त्याच्या पोटात खड्डा पडला असेल. पाहणाऱ्याला दिसणार काय, तर उगाच पळणारं एक कुत्रं.

हे सगळं मला सुचलं ते बायमुळे. बाय आमच्याकडे आली २०१९ च्या महापुरात. त्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. ४५ फूट ही धोक्याची पातळी. म्हणजे नदी धोक्याच्याही डोक्यावर बारा फूट चढून बसली होती. गावभागात, मारुती चौकात, हरभट रोडवर होड्या चालत होत्या. माणसं बाहेर पडली ती हातात मावेल तेवढंच घेऊन. दावणीची जनावरं काहींनी सोडून दिली, काहींना तेवढाही वेळ मिळाला नाही. गल्लीतल्या कुत्र्यांना तर दावणच नव्हती, त्यामुळे ती कुणाच्या हिशेबातही नव्हती. आमचं मिरज उंचावर. आमच्याकडे पाणी आलं नाही, पाण्यानं हुसकलेले जीव आले.

बाय एका पत्र्यावर सापडली. होडीतल्या पोरांनी हात पुढे केला तर ती मागे सरकत पत्र्याच्या टोकाला गेली, पाण्यात पडायच्या बेतात. शेवटी त्यांनी तिच्यावर पोतं टाकलं, तोंड आवळलं आणि उचलून आणली. त्याशिवाय इलाज नव्हता. ती जगली ती त्या पोत्यामुळे. पण पोत्याच्या आतून हे कसं दिसलं असेल? आधी पाणी आलं, मग माणसं आली, मग अंधार झाला. वाचवणं आणि पकडून नेणं यांत बाहेरून जो फरक असतो तो आतून नसतो, आणि पुढचे कित्येक महिने आम्ही त्या फरकाचीच भरपाई करत होतो.

वर्षासव्वा वर्षाची असावी, असं डॉक्टर मॅडमनी दात बघून सांगितलं. मातकट रंग, तोंडावर काजळी, एका कानाची कड फाटलेली, गोचिडांनी मान भरलेली. आमचं घर जुनं, शहाबादी फरशीचं. मधल्या खोलीत लाकडी पलंग, पलंगाखाली सासूबाईंची पत्र्याची ट्रंक. ट्रंक आणि भिंत यांच्यामध्ये जी चिंचोळी फट राहते तिच्यात ही शिरली आणि तिथेच राहिली. पहिल्या संध्याकाळी सासूबाईंनी भाकरीचा काला वाटीत कालवून पलंगाखाली सरकवला आणि म्हणाल्या, “खा गं बाय.” तेच नाव पडलं. ती खात नसे. आम्ही दिवे घालवून झोपलो की मग रात्री कधीतरी वाटी चाटल्याचा आवाज येई.

चौकशीला येणारी माणसं वाकून पलंगाखाली बघत आणि हटकून म्हणत, “किती गुणी आहे! भुंकत नाही, गुरगुरत नाही.” मलाही आधी तसंच वाटायचं. डॉक्टर मॅडमनी तो भ्रम काढला. म्हणाल्या, भ्यालेलं जनावर पळतं, नाहीतर अंगावर येतं. दोन्ही जमण्यासारखं नसेल तर गोठतं. हिचं गोठलंय. मग त्यांनी मला बघायला शिकवलं. झोप आलेली नसताना दिलेली जांभई. समोर खायला नसताना ओठांवरून फिरवलेली जीभ. तोंड एकीकडे आणि बुबुळ दुसरीकडे, त्यामुळे डोळ्याच्या कोपऱ्यात दिसणारी पांढरी कोर. उकाडा नसताना लागलेली धाप. अधांतरी राहिलेला पुढचा पाय. नॉर्वेच्या तुरीड रुगास नावाच्या बाईंनी कुत्र्यांच्या या खाणाखुणांवर एक छोटंसं पुस्तक लिहिलंय, त्यात यांतल्या बऱ्याचशा सापडतात. एकदा त्या दिसायला लागल्या की पलंगाखालचं ते गुणी कुत्रं दिसेनासं झालं. तिथे अखंड बोलणारं कुणीतरी होतं आणि सगळं बोलणं एकाच अर्थाचं होतं: लांब राहा, मी काही करत नाही, तुम्हीही काही करू नका. आमच्या पिढीत गप्प बसणाऱ्या पुष्कळ मुलींना गुणी म्हणायचे. त्यांच्या डोळ्यांचे कोपरे कुणी पाहिले होते की नाही, कोण जाणे.

मॅडमनी आणखी एक प्रश्न विचारला होता, तो मला तेव्हा विचित्र वाटला. ही पिल्लू असताना माणसांत होती का? त्यामागे एक जुना प्रयोग आहे. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरला उंच कुंपणाच्या मोठ्या मैदानात काही पिल्लं माणसाचा स्पर्श होऊ न देता वाढवली होती. मग वेगवेगळ्या वयाला त्यांना थोडे दिवस माणसांत आणून पाहिलं. लहानपणीच आलेली पिल्लं रुळली. चौदा आठवड्यांपर्यंत माणूसच न भेटलेली मात्र पुढे कधी नीट माणसाळली नाहीत. १९६१ साली हे प्रसिद्ध झालं. त्या पिल्लांचा विचार करून मला आजही कसंनुसं होतं. पण त्यातून एक आशाही निघते. बाय रानातली नव्हती, गल्लीतली होती. दूधवाले, शाळेची पोरं, वडेवाल्याची गाडी, नळावरच्या बायका, हे सगळं तिनं कोवळ्या वयात पाहिलं असणार. माणूस म्हणजे काय हे तिला माहीत होतं. भीती त्यावर नंतर चढलेली होती.

“मग आम्ही करायचं काय?” मी विचारलं. “काही नाही,” मॅडम म्हणाल्या.

काही न करणं हे फार कष्टाचं काम आहे. आपल्याला दया येते आणि दया स्वस्थ बसत नाही. ती वाकून बघते, चुचकारते, हात पुढे करते, डोक्यावरून फिरवायला बघते. नामदेवांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. कुत्र्यानं पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, देवा कोरडी खाऊ नका म्हणत. गोड गोष्ट आहे. आता मात्र मला ती ऐकताना त्या कुत्र्याची काळजी वाटते. मागून माणूस ओरडत धावत येतोय, हातात काहीतरी आहे. त्यात तूप आहे हे त्याला कसं कळावं? नामदेवांचं कुत्रं थांबलं असेल, त्यात विठ्ठल होता. बायमध्ये होती ती नुसतीच बाय.

तेव्हा आम्ही काही केलं नाही, म्हणजे पुष्कळ काही केलं. स्टीलची वाटी फरशीवर खरखरते म्हणून तिच्याखाली फडकं आलं. वाटी ठेवायच्या वेळा ठरल्या आणि त्या पाळल्या गेल्या, अगदी घरात पाहुणे असले तरी. भ्यालेल्या जिवाला लाडापेक्षा वेळापत्रकाचा आधार जास्त असतो. पुढचं काय ते आधीच कळलं, तर सारखं कान टवकारून बसावं लागत नाही. केरसुणी ती बघत असताना हातात घ्यायची नाही. कपडे आपटायचे नाहीत. पलंगाखाली झाडायचं नाही, ती जागा तिची. जाताना तिच्या अंगावरून ओणवं व्हायचं नाही. नजरेला नजर द्यायची नाही. हे शेवटचं मला फार जड गेलं. माणूस आणि त्याचं कुत्रं एकमेकांच्या डोळ्यांत बघत बसले की दोघांच्याही अंगात ऑक्सिटोसिन वाढतं, असं जपानी संशोधकांनी २०१५ साली दाखवलं होतं. आई आणि तान्ह्या बाळात हेच रसायन काम करतं. पण ती जुन्या ओळखीची माणसं आणि जुन्या ओळखीची कुत्री. अनोळखी कुत्र्याच्या लेखी रोखून पाहणं म्हणजे धमकी. त्यामुळे घरात एक जीव आलेला आणि आम्ही तिघंही त्याच्याकडे न बघता वावरतोय, असा तो काळ होता.

बाहेर नेताना गळपट्टा नव्हे, छातीवरचा पट्टा. घाबरलेलं कुत्रं मान आखडून गळपट्ट्यातून क्षणात निसटतं आणि नव्या घरातून पळालेल्या कुत्र्याला परतीचा रस्ता माहीत नसतो. अंगणाचं फाटक आणि घराचं दार एकाच वेळी उघडं ठेवायचं नाही, हा नियम आजही चालू आहे. पोस्टमन त्याला वैतागलेला आहे.

बाय पहिल्यांदा कुणाकडे गेली असेल, तर सासूबाईंकडे. मला थोडा रागच आला होता. वाटी मी भरायची, गोचिडं मी काढायची, आणि ही जाऊन बसली त्यांच्या पायाशी. सासूबाईंना कुत्र्यांची हौस अशी नाहीच. त्या तेव्हा चौऱ्याऐंशीच्या, गुडघ्यांनी दगा दिलेला, सगळा दिवस खुर्चीत. पावटे सोलणं, वाती वळणं, रेडिओ ऐकणं. उठायच्या झाल्या तर आधी ‘विठ्ठला’ म्हणणार, मग काठी, मग अर्धं उठून पुन्हा बसणं, मग उठणं. त्यांच्या हालचालीत अचानक असं काही शिल्लकच नव्हतं. बायच्या भयाला त्या घरात धरायला काही सापडलं नाही ते तेवढ्या चार पायांच्या खुर्चीभोवती. एकदा दुपारी बघते तर पावट्यांच्या टरफलांच्या ढिगाशेजारी ही पोटाशी पाय घेऊन बसलेली, आणि सासूबाईंचं लक्षच नाही. मी खुणेनं दाखवलं तर म्हणाल्या, “बसली तर बसली. मी काय सांगितलंय तिला?”

कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या देशी कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांचा एक निष्कर्ष मी वाचला तेव्हा मला सासूबाई आठवल्या. अनोळखी माणसानं एका गटातल्या कुत्र्यांना पुनःपुन्हा खाऊ दिला, दुसऱ्या गटातल्यांना नुसतं थोपटलं. विश्वास अधिक बसला तो थोपटणाऱ्यावर. २०१७ सालचा हा शोध. खाऊ त्यांना कुठेही उकिरड्यावर मिळतो, मऊ हात मिळत नाही, एवढं साधं कारण असेल. पण याच गटाच्या दुसऱ्या एका अभ्यासात असंही दिसलं, की पुष्कळशी कुत्री माणसाजवळ आलीच नाहीत. ती घाबरलेली होती. हात कितीही मऊ असला तरी तो पोचेल इतकं जवळ यायला आधी धैर्य लागतं, आणि ते धैर्य कशानं येतं हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर मी आमच्या घरात पाहिलं, ते ह्यांच्या निमित्तानं.

हे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. उभा जन्म स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेला. साधं ‘चहा झाला का’ विचारलं तरी ते चार फलाटांवर ऐकू जावं अशा बेतानं विचारणार. उंची सहा फुटांना टेकलेली. पायात कोल्हापुरी, ती करकरणारी. बायला ह्यांचं सगळंच वर्ज्य होतं. हे दारात आले की ती जागच्या जागी मुतायची. हे खोलीत असेपर्यंत ट्रंकेमागून तिचा श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही. आणि हा माणूस असा, की ज्यानं नोकरीभर डब्यातली अर्धी भाकरी स्टँडवरच्या कुत्र्यांना घातली. आपल्या मायाळूपणावर ह्यांचा थोडा विश्वासही होता. त्यामुळे ते फार लागलं. एकदा जेवताना ताटावरून मान वर न करता म्हणाले, “मी काय केलंय हिचं?”

सरमेच्या पिल्लाचा प्रश्न तो हाच. फक्त आता विचारणारा माणूस होता. कुणीतरी कधीतरी कुठल्यातरी गल्लीत हिला मारलं असेल. तोही उंच असेल, त्याचाही आवाज जाड असेल, त्याच्याही वहाणा वाजत असतील. उधारी त्याची आणि वसुली ह्यांच्याकडून. याच्यावर दाद मागायची कुठे? मला वाटतं, चांगल्या माणसाला सगळ्यात अवघड जातं ते हेच, आपल्या चांगुलपणाचा पुरावा मागितला जाणं. मग तो पुरावा एकदम, ढीगभर द्यायला निघतो. बिस्किटांचे पुडे आणतो, लाडानं हाका मारतो, आणि समोरचं आणखी आक्रसतं.

काही दिवस हे फुगून होते. मग काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. वहाणा दाराबाहेर राहू लागल्या. दुपारी जेवण झालं की हे पेपर घेऊन मधल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी, भिंतीला टेकून, पलंगाकडे पाठ वळवून जमिनीवर बसू लागले. शेजारी बशीत उकडलेल्या अंड्याचे नाहीतर कलेजीचे तुकडे. पेपर वाचता वाचता मागे न बघता एखादा तुकडा टाकायचा. टाकायचा तोही आपल्याजवळ नाही, तिच्या पलीकडे, भिंतीकडच्या बाजूला. हे मॅडमनी सांगितलेलं. खाऊ आपल्यापाशी ठेवला तर भूक कुत्र्याला त्याच्या धैर्यापेक्षा जास्त पुढे ओढून आणते. घास संपतो, भान येतं, आणि लक्षात येतं की आपण माणसाच्या अगदी पुढ्यात आहोत. मग असा दचका बसतो की चार दिवसांची कमाई जाते. पलीकडे टाकला तर खाऊही मिळतो आणि अंतरही वाढतं. तिला दोन बक्षिसं. मग ती आपण होऊन परत वळते, थोडं अलीकडे येते, बघते. ते वळणं महत्त्वाचं, कारण ते तिचं तिनं ठरवलेलं असतं.

हाइनी हेडिगर नावाचे एक स्विस प्राणिशास्त्रज्ञ होऊन गेले. प्राणिसंग्रहालयं चालवण्यात त्यांची हयात गेली. प्रत्येक प्राण्याभोवती एक न दिसणारं वर्तुळ असतं, त्याच्या आत परकं कुणी आलं की प्राणी पळतो, असं त्यांनी मांडलं. आमच्याकडे ते वर्तुळ चक्क दिसत होतं, कारण जमिनीवर फरश्यांच्या रेघा होत्या. सुरुवातीला उंबरा. हे उंबऱ्यापासून एक फरशी आत सरकले तरी पलंगाखाली खसखस होई. मग हे मुकाट मागे सरकत आणि क्रीडा पान उघडत. मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना मी पाहिलंय. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो, तो केसभर अलीकडे असला की तार बसकी बोलते, केसभर पलीकडे गेला की नुसती टणटण. मधे कुठेतरी एक जागा असते, तिथे तार उघडते. कारागीर ती मोजून काढत नाही, दोरा सरकवत कान देऊन बसतो. हे तसे बसत. पाठ तिच्याकडे, त्यामुळे दिसत काहीच नसणार. कानानंच अंदाज घ्यायचा. नखांचा टकटक आवाज थांबला की हेही थांबत.

ही दुपारची बैठक गौरी-गणपती गेले तरी चालू होती, दसऱ्याला चालू होती. दिवाळीत सगळं मागे गेलं. फटाक्यांनी बाय पुन्हा ट्रंकेमागे गेली, तीन दिवस जवळजवळ न खाता. मॅडमनी गोळ्या दिल्या होत्या आणि बजावलं होतं, की नुसती गुंगी आणणारं काही कुणाच्या सांगण्यावरून देऊ नका, त्यानं अंग लुळं पडतं आणि भीती आत जागीच राहते. भाऊबीज झाली आणि पेपर पुन्हा उंबऱ्यापाशी आला.

थंडीत कधीतरी ते अंतर दोन फरश्यांवर आलं आणि तिथे अडून बसलं. दोन म्हणजे दोनच. एवढ्या जवळून ती ह्यांच्या पाठीचा, टाचांचा, बशीचा वास घेई आणि मागे जाई. मी म्हटलं, आता जरा हात मागे करून बघा. हे म्हणाले, “तिला यायचं तर येईल. मी काय गाडी आहे सुटायला?” एसटीतल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य ऐकून मला हसू फुटलं, पण मी गप्प राहिले.

शेवटी ती आली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, म्हणजे मला दिसलं नाही. ह्यांनी हाक मारली, ती इतक्या हळू, की आधी मला कळलंच नाही हाक कुणाची. जाऊन बघितलं तर बायनं हनुवटी ह्यांच्या मांडीशेजारी पेपरच्या कोपऱ्यावर ठेवली होती आणि हे पान उलटू न शकल्यामुळे तेच पान वाचत बसले होते. बाजारभावाचं पान होतं. हात लावायची परवानगी त्यानंतर कितीतरी दिवसांनी मिळाली. डोक्यावरून नाही, वरून येणारा हात तिला अजूनही आवडत नाही. हनुवटीखालून, छातीच्या बाजूनं, थोडंसं खाजवायचं आणि थांबायचं. थांबल्यावर तिनं नाकानं ढोसलं तर पुढे, तोंड वळवलं तर संपलं. आम्ही माणसामाणसांत इतकं विचारत नाही.

२०२१ च्या जुलैत कृष्णा सांगलीत पुन्हा ५० फुटांच्या वर गेली. मिरजेत नुसता पाऊस. पण पन्हाळीचं पाणी रात्रंदिवस अंगणात कोसळत होतं, आणि बाय सरळ उठून ट्रंकेमागे गेली. आता ती भरलेली होती, फटीत मावत नव्हती. तोंड आत आणि सगळा पार्श्वभाग बाहेर, अशी थरथरत राहिली. हे जवळ गेले तर दचकून ट्रंकेवर आपटली आणि मागच्या पायांखाली ओल झाली. दोन वर्षं जणू झालीच नव्हती.

पाव्हलॉव्हची कुत्री आपल्याला घंटा आणि लाळेपुरती माहीत असतात. १९२४ च्या सप्टेंबरमध्ये लेनिनग्राडला पूर आला तेव्हा ती कोंडवाड्यात बुडता बुडता वाचली. मदतनिसांनी त्यांना पोहत प्रयोगशाळेच्या मुख्य इमारतीत नेलं. त्यानंतर काही कुत्र्यांचं शिकलेलं सगळं पुसलं गेल्यासारखं झालं. पुष्कळ महिन्यांनी ती हळूहळू सावरली. मग पाव्हलॉव्हच्या लोकांनी त्यांतल्या एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून थोडंसं पाणी सोडून पाहिलं. नुसता ओघळ. तेवढ्यानं ते पुन्हा ढासळलं. विज्ञानासाठी असेल, पण तो ओघळ सोडणाऱ्या हाताचा मला राग येतो. कळलं मात्र जे कळायचं ते: जुनं भय जात नाही, त्याच्यावर नवी ओळख बसते, आणि पाणी आलं की वरचं आधी वाहून जातं.

मला वाटलं, हे पुन्हा तोच प्रश्न विचारतील. त्यांनी विचारला नाही. फरशी पुसली, दारातला पेपर उचलला, जरा भिजला होता तो झटकला, आणि उंबऱ्यापाशी जाऊन पाठ करून बसले. बशी मीच नेऊन ठेवली. या वेळी फरश्या भराभर सुटल्या. पाऊस उघडला, गणपती यायच्या आत बाय पेपरच्या कोपऱ्यावर आलेली होती. वरचं वाहून गेलं तरी बसायची जागा बहुधा ठाऊक झालेली असते.

अजूनही काही गोष्टी आहेतच. हेल्मेट घातलेला माणूस चालत नाही. छत्री उघडली की खोली रिकामी होते. पोतं घरात येत नाही, तांदूळ आम्ही दुकानातच डब्यात ओतून घेतो. शेजारीपाजारी हसतात. त्यांना हसू द्यावं.

बाकी तिची परिस्थिती चांगली आहे. दुपारी ती ह्यांच्या आरामखुर्चीत झोपते, कुशीवर, चारी पाय हवेत पसरून, आणि हे सवयीनं खाली फरशीवर. परवा ह्यांना खुर्ची हवी होती. कंबर धरली होती. आधी सौम्यपणे सांगून झालं, मग ह्यांनी छाती भरून, स्टँडवरच्या जुन्या आवाजात, फलाट क्रमांक एकवर लागलेल्या मिरज-पंढरपूर गाडीची घोषणा केली. पितळी भांडी वाजली. बायनं एक कान, तोही फाटका, थोडासा उचलला, खाली टाकला आणि घोरायला लागली.

“हिला जरा माझी भीती घाला रे कुणीतरी,” हे म्हणाले.

सासूबाई वाती वळत होत्या. नव्वदीला आल्यात, ऐकू कमी येतं, पण हे बरोबर आलं. म्हणाल्या, “तुझी कधी कुणाला होती?”